उजवा रकाना

फळ्यावर एक उभी रेघ मारली.
डावीकडे सामान्यनाम, उजवीकडे विशेषनाम.
नदी : मांडवी.
गाव : कुंभारजुवे.

इथे मीच जरा अडखळलो.
कुंभार डावीकडचा.
जुवें म्हणजे बेट, तेही डावीकडचंच.
मग दोघं हात धरून
रेघ ओलांडून गेले कधी?
मुलांना काही बोललो नाही.
चौथीचा वर्ग, घंटेला दहा मिनिटं.

संध्याकाळी अकरा वह्या तपासल्या.
मनस्वी खांडेपारकरच्या वहीत,
उजव्या रकान्यात,
मांडवी आणि शांतादुर्गेच्या मध्ये :
पोदेर.

तांबडी फुली मारली.
समासात लिहिलं, पाव विकणारा कोणीही.

सकाळी ती टेबलापाशी, वही उघडी धरून.
"कोणूय न्हय, सर. आमचो."

इंग्रजीत बरं असतं,
नावाचं पहिलं अक्षर मोठं काढलं
की भांडण मिटतं.
आमची सगळी अक्षरं एका उंचीची,
एकाच दोरीवर वाळत घातलेली.
राजा कुठला गादीवरचा
आणि कुठला शेजारच्यांचा कुत्रा,
विचारल्याशिवाय कळत नाही.

म्हणून विचारलं.
तेरा वर्षं साडेसहाचा भोंगा ऐकून
पिशवी घेऊन खाली उतरतो मी.
चार उंडे, सुटे पैसे,
उकाड्याबद्दल एखादं वाक्य.
"नाव काय हो तुमचं?"

त्याने सायकल स्टँडवर लावली.
एरवी एक पाय जमिनीला टेकवूनच
पाव द्यायचा.
"कायतान," म्हणाला.
मग इकडेतिकडे बघून, हळूच,
"कायतान फ्रान्सिस्क द कॉश्त."
आणि हसला :
"म्हाकाच याद करचें पडलें."

फुलीवर गिरवून गिरवून
बरोबरची खूण केली. कागद जरा फाटला.

चतुर्थीनंतर तो मुलीकडे गेला, पोर्तुगालला.
आता त्याच टोपलीमागे
गदगचा एक पोरगा असतो.
पहिल्याच दिवशी नाव विचारून घेतलं, फकीरप्पा.
एवढं शहाणपण आलंय मला.

मनस्वीला विचारलं, त्याला काय म्हणता तुम्ही?
"नवो."
आणि पोदेर?
तिने माझ्याकडे असं पाहिलं
की शिकवायला मी उभा आहे की ती.
"पोदेर पोर्तुगालाक गेला न्हय, सर!"

विशेषणाचा धडा
दिवाळीच्या सुट्टीनंतर आहे.