हजेरीपट

बूझी नदी शाळेत शिरली तेव्हा
मी एवढंच वाचवलं :
सातवीचा हजेरीपट, प्लास्टिकमध्ये गुंडाळून.
आता ओतिलिया नर्स त्यातच लिहायला लावते.
"मास्तर, अक्षर तुमचं बरं. माझे हात मोकळे नाहीत."

चारशे तंबू. काजूचं एकच झाड.
झाडाखाली बाक, बाकावर औषधं,
समोर कार्डं वाहून गेलेली माणसं.
कार्ड म्हणजे पिवळा पुठ्ठा : गोळी, तारीख, वजन.
ते गेलं म्हणून आजार जात नाही,
नुसता बेवारस होतो.

"गोळी कशी होती, बाबा?"
म्हातारा सिमांगो डोळे मिटतो.
"पांढरी. लांबट. काट्यासारखी अडायची घशात."
"सकाळी की रात्री?"
"कोंबड्या झाकल्या की."
मी लिहितो : रात्री.
कोंबड्या राहिल्या नाहीत,
त्याला रकाना नाही.

पहिल्या आठवड्यात *त्या* गोळ्यांची रांग वेगळी होती.
कोणी उभंच राहिलं नाही.
कोण कुठल्या रांगेत, अख्ख्या छावणीला दिसतं.
ज्वाकिना पाण्याचा कॅन घेऊन
झाडाला तीनदा वळसा घालून गेली.

त्या रात्री ओतिलियानं मधली दोरी कापली.
सकाळपासून खोकला, गरोदर बाया,
हात चिघळलेला सुतार, हिवतापानं कुडकुडणारी पोरं
आणि ते,
एकाच रांगेत. वर्तमानपत्राच्या सारख्याच पुड्या.
रांग नदीच्या वाटेपर्यंत गेली.
लोकांनी शिव्या घातल्या, त्याही मला,
वही माझ्या हातात होती ना.

ज्वाकिना चौथ्या दिवशी आली.
"डोकं दुखतं," म्हणाली. मग, ओठ न हलवता :
"आणि ती गुलाबी. झोपताना."
मी पान उलटलं, आणि चुकलंच.
अकरावं नाव तिच्या एल्दरचं.
वादळाच्या आदल्या दिवसापर्यंत हजर, हजर, हजर.
मी तळहात ठेवला त्यावर.

तिला उलटं वाचता येत होतं.
"काढा हात," म्हणाली.
"पुढचे रकाने रिकामेच आहेत.
त्याच्याच ओळीत लिहा मला."

लिहिलं. अक्षर बरं आलं नाही.

तिनं पुडी सोडली, डबी उघडली,
बाकावरचा कापूस आत कोंबला,
झाकण लावून कानाशी हलवली.
वाजली नाही.
मग कॅन उचलून
सगळ्यांसारखीच गेली.