बोनाफाईड

लावण्या चिलवेरी ही आमच्याच महाविद्यालयाची विद्यार्थिनी,
हे मी चौथ्यांदा टाइप केलं.
आधी आडनावातली वेलांटी चुकली,
मग शिक्का पालथा बसला,
मग प्राचार्य गड्ड्याच्या सुट्टीवर.

एम.ए. भूगोल, भाग दोन.
त्याआधी एक एम.ए. झालंय.
"अजून किती शिकणार गं?"
"जागतिक विद्यापीठ स्पर्धेला विद्यार्थीच लागतात, सर.
तेही पंचविशीपर्यंतचे.
पुढच्या खेपेला मी सव्वीस."

वीस किलोमीटर चालणे.
पळणे नव्हे.
टेबलावर दोन बोटं चालवून तिनं नियम सांगितला:
एक पाय कायम जमिनीला हवा.
दोन्ही सुटले, तर पंच तांबडं कार्ड टाकतात.
मी म्हटलं, मग आमचं अख्खं ऑफिसच पात्र आहे की.
ती हसली नाही. फी भरायची होती.

विडी घरकुलातून पहाटे साडेचारला निघायची,
कंबर घुसळत, अक्कलकोट रोडनं,
रात्रपाळीचे माग खटखटत असायचे तेव्हा.
चहाच्या गाड्यावरची पोरं ओरडायची,
"काय बे, बदक सुटलं!"
घरी आई सुपावरून मान न उचलता विचारायची,
"किती झाले?"
"अठरा."
आईचे तोवर दोनशे बांधून झालेले.

त्या दिवशी डब्याच्या सुट्टीत मी रेकॉर्ड रूममध्ये,
रेंज तिथल्या खिडकीतच येते.
एका हातात कडक भाकरी, दुसऱ्यात मोबाइल.
परक्या गावातला ओला रस्ता,
उंच उंच पोरी, सगळ्या तशाच कंबर घुसळत.
त्यांना कुणी हसत नव्हतं.
बारा किलोमीटरला ती पडद्यावर आली
आणि चित्र अडकलं.

दोन्ही पाय हवेत.

चार बोटं असतील जमिनीपासून, जास्त नाही.
खाली रस्ता, वर बूट,
मध्ये नुसता उजेड.
मी मागं वळून पाहिलं,
शिपाई बघत नाही ना.
चटणी बोटाला तशीच.
मग चित्र सुटलं, ती पुढं गेली.

एकोणिसावी आली.
पेपरात आलं नाही, फळ्यावर मी लिहिलं.

पंचाला नुसत्या डोळ्यांनी दिसेल तेवढंच धरतात,
हे तिनं नंतर सांगितलं,
दाखला न्यायला आली तेव्हा.
मी मान हलवली. पाहिलेलं बोललो नाही.

महाविद्यालय सोडण्याचे कारण: शिक्षण पूर्ण.
वर्तणूक: चांगली.
शेऱ्याच्या रकान्यावर बोट बराच वेळ थांबलं,
मग रेघ मारली
आणि या वेळी शिक्का
सरळ बसला.