दोन मिनिटं एकेचाळीस सेकंद

बंदरात मी पंचेचाळीस मीटर उंचावर बसतो.
काचेची केबिन, पायाखालीही काच,
आणि कानात दिवसभर वॉकीटॉकी:
डावीकडे, अजून, अजून, थांब, सोड.
सोहारला बारा वर्षं मी
दुसऱ्यांच्या शब्दांवर कंटेनर उचलतोय.

दहा दिवसांची सुट्टी मिळाली. घरी नाही गेलो.
बा फोनवर म्हणाला,
"गप बसाले सुट्टी कायले घालवतं?
आपले आजे-पंजे गपच बसले होते ना.
आपण बोलाले लागलो, तवा माणूस झालो."
मला उत्तर सुचलं नाही.
आमच्या वस्तीत बुद्ध आला तो भोंग्यातून,
निळ्या पताकांखालून, घसा बसेपर्यंत.
डोळे मिटलेला बुद्ध भिंतीवर होता,
पण त्याच्यासमोर तासभर डोळे मिटून बसलेलं
कुणी मी पाहिलं नव्हतं.

सहमच्या बाहेर, खजुरीच्या बागेत एक शेतघर.
निमलकाताईंनी फोन गोळा केले
(तीस वर्षं त्या मस्कतला परिचारिका होत्या,
हात अजून नाडी बघितल्यासारखा धरतात),
कापडी पिशव्यांत घातले. माझी पिशवी सतरा नंबरची.
नाडी ओढताना पडदा उजळला:
बाचा व्हॉइस मेसेज,
दोन मिनिटं एकेचाळीस सेकंद.
तोवर गाठ बसली होती.

तीन दिवस श्वास बघितलाच नाही.
न ऐकलेला मेसेज ऐकत बसलो.
त्यात बा कधी शिव्या देई, कधी दवाखान्यातून बोले,
एकदा तर गेलाच,
आणि मी नागपूरच्या तिकिटाचे भाव काढले
नाकपुडीच्या टोकावर.

चौथ्या दिवशी एसीचा कॉम्प्रेसर बसला.
ऑगस्ट. भिंतींना ताप भरला.
घामाचा एक थेंब कानामागून निघाला,
मणक्यापाशी थबकला, वाट विचारावी तसा.
पुसू नका, ताई म्हणाल्या होत्या, फक्त बघा.
पुसला नाही. तो गेला. दुसरा निघाला.
आणि मग एसीच्या जागी पाणी ऐकू आलं.
बागेतून फलज वाहतो,
वीतभर रुंदीचा पाट, डोंगराकडून आलेला.
चार दिवस तो वाहतच होता.

सातव्या दुपारी पणजा आला.
चावडीच्या बाहेर उभा, तोंडावर हात.
त्याचं गप्प आणि माझं गप्प
मांडीला मांडी लावून बसले. वेगळे ओळखू येईनात.
मग दिसलं, त्याच्या गप्पात दात आहेत, आवळलेले.
नीट बघितलं तर,
माझ्याही.
जबडा सैल सोडायला अख्खी दुपार लागली.
त्याचा सुटला की नाही, ठाऊक नाही.

दहाव्या दिवशी बोलायची परवानगी मिळाली
आणि सगळे खुराडं उघडल्यासारखे बाहेर.
तेकबहादूर, गोदामाचा पहारेकरी,
दहा दिवस माझ्या डाव्या गुडघ्याशेजारी बसलेला,
पहिलं वाक्य बोलला ते असं:
"दादा, तुम्ही बसल्या बसल्या घोरता."

सतरा नंबरची पिशवी घेऊन पाटाकाठी गेलो.
दाबलं.
चपला. सायकलचं स्टँड. लांब कुठे बकरी.
कुणीतरी विचारलं, "चहा मांडू का?"
उत्तर नाही.
मग फक्त बाचा श्वास, बिडीने शिट्टी लागलेला,
आत जाताना आखूड, बाहेर येताना लांब,
खिशातल्या खिशात बटण दबलेलं.
शेवटच्या सेकंदापर्यंत ऐकला.
पुन्हा लावला. पुन्हा.

मग फोन केला.
"काय शिकला?" बा म्हणाला.
मी हळूच सुरुवात केली, खजुरी, पाट, घाम,
तर तो म्हणाला, "मोठ्यानं बोल न बे,
मले आयकू येत नाही."

मी मोठ्यानं बोललो.
पाण्यात पाय सोडून बसलेला तेकबहादूर दचकला.