रकाना क्रमांक सात

एकतीस वर्षं मी इतरांची कर्जं तपासली.
टेम्पो, पिठाची गिरणी, मंगल कार्यालयाची भांडी.
कोंढव्याच्या एकाला स्पीकरची भिंत घ्यायची होती,
हेतूच्या रकान्यात त्याने लिहिलं: हौस.
मी लाल शाईने खोडलं,
वर लिहिलं: व्यवसाय.
मंजूर झालं.

आता विमान बघते आहे.
लहान. दोघांचं. सेकंडहँड.
उंड्रीतल्या निम्म्या वन बीएचकेची किंमत,
आणि त्या निम्म्यात संडासही नाही, असं भाऊ म्हणतो.
लोहोकरे बाई विचारतात, लावणार कुठे?
सोसायटीत स्कूटीवरून भांडणं आहेत.
अ‍ॅव्हरेज किती देतं, हे तर सगळेच विचारतात.
तासाला पंधरा लिटर, मी सांगते.
आणि जायचं कुठे?
कुठेच नाही. निघाले तिथेच उतरायचं.
मग ते गप्प होतात,
आजाऱ्याला भेटायला आल्यासारखे.

पहिलं होतं खोक्यात.
पंख वेगळे, शेपूट वेगळी, सोबत जाडजूड पुस्तक.
घरी जोडा. बाराशे तास.
वाकडचा मुलगा लग्न ठरलं म्हणून विकत होता,
खोकं अजून उघडलंही नव्हतं.
बाराशे तास मी कुठूनही काढले असते,
पण रिव्हेट मारणारा हात माझा नाही.

दुसरं उघडं, तीन चाकी, डोक्यावर कापडी पंख.
फारूक आतार म्हणाला, ताई, ही रिक्षाच,
फक्त हिचा मीटर उंची दाखवतो.
स्वस्त होतं.
पण मला दार हवं होतं,
आतून ओढून घेता येईल असं एक दार.

तिसरं एरचकाकांचं.
कॅम्पातला माणूस. काचबिंदू. मेडिकल नापास.
सासवडच्या पुढे पत्र्याची शेड,
शेजारी पोल्ट्री, त्यामुळे पंखांनाही तोच वास.
भाव सांगण्याआधी विचारलं, वजन किती?
खरं सांगितलं. अठ्ठ्याहत्तर.
मग बाजूला कोणी हडकुळा बसव, म्हणाले,
नाहीतर टाकी अर्धी भर.
सगळं घेऊन कोणतंच विमान उठत नाही, डीकरी.

लॉगबुक मी पासबुकासारखं वाचलं,
ओळीवर बोट ठेवून.
मधे अकरा महिने कोरे.
हे काय?
खोर्शेद आजारी होती,
ते म्हणाले, आणि काचेवरचा डाग पुसत राहिले,
जो तिथे नव्हता.

खाती कशाने थांबतात ते मला पाठ आहे.
मी शेरा मारला नाही.
पण उभ्या इंजिनात गंज धरतो.
फारूकने दाब मोजला:
एक, दोन, चार ठीक. तीन नंबर खाली.
मी साठ हजार कमी करून मागितले.
दुःख दुःखाच्या जागी, सिलिंडर सिलिंडरच्या.
एरचकाका खूश झाले.
घासाघीस न करता घेतलं असतंस, तर दिलं नसतं, म्हणाले.

मग मी आत बसले. दार ओढलं.
एकोणीस वर्षांची असताना, एनसीसीत,
हडपसरला ग्लायडरचा दोर सुटला होता,
आणि एकदम काहीच ऐकू येईना.
खाली कालवा, उसाचे चौकोन,
कोणाच्या तरी गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडया.
सात मिनिटं.
त्यानंतर मी बँकेची परीक्षा दिली.

हौसेला मोल नसतं म्हणतात.
असतं. चौदा लाख साठ हजार,
शिवाय विमा, शेडचं भाडं, परवान्याचे तास.
फंडातून बरेच निघाले,
उरलेल्यासाठी अर्ज माझ्याच शाखेत.
तपासायला माझ्या टेबलावरची नवी मुलगी, ऋजुता बारटक्के.
रकाना सात. तिने लाल पेन उचललं.
मॅडम, व्यवसाय लिहू?
नको.
नामंजूर होईल, मॅडम.
वर पाठव तर खरं, म्हटलं.
तीन नंबरचा सिलिंडर यायला
तसेही सहा आठवडे आहेत.