तर

नडगीच्या हाडात तीन सेंटिमीटरची फट.
मधला भाग चुरा होऊन गेला,
राहिले दोन काठ.

वासंती मेथर, वय अठ्ठावन्न, मुक्काम आचरा.
चाळीस वर्षं ओहोटीच्या ओल्या खडकांवर
कालवं फोडताना जिचा पाय घसरला नाही,
तिला बंदरावर
मागे येणाऱ्या बर्फाच्या टेम्पोने गाठलं.

मी जेल बनवते.
कुणी विचारलं तर एवढंच सांगते.
तपकिरी शेवाळ उकळून, गाळून,
त्यात शिंपल्यांच्या चुन्यापासून केलेली भुकटी,
आणि एक प्रथिन, थेंबाहून कमी,
जे पेशींच्या कानात म्हणतं : हाड व्हा.
नुसतं सोडलं तर ते तासाभरात
रक्ताबरोबर वाहून जातं.
त्याला थांबायला जागा हवी.
म्हणून हे जेल; नव्वद टक्के पाणीच खरं तर,
पाण्याला मारलेली गाठ,
जी वेळेवर सुटली पाहिजे.

पहिलं नऊ दिवसांत विरलं,
उतारू मधल्या पाण्यात टाकून.
दुसरं सात महिने हटलं नाही,
हाड आलं, उंबऱ्याशी थांबलं, मागे फिरलं.
त्या सशांना मी नावं दिली नव्हती.
एकाला दिलं होतं.

वह्या भरल्या त्या सगळ्या जर आणि तर.
जर साखळ्या आखूड केल्या, तर.
जर कॅल्शियम उशिरा घातलं, तर.

शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री, ओरोसला,
बारा पानी संमतीपत्र मी तिला वाचून दाखवत होते.
'सदर साहित्य शरीरात कायम राहत नाही'
या ओळीवर तिने मला थांबवलं.
"आमच्या खाडीत तर होती, पूल नाय होतो तेवा.
माणसां पलतडी उतरली की ती परत येय.
तुझी?"
माझी परत येत नाही, म्हटलं.
हाड जेवढं पुढे सरकेल
तेवढी ती विरत जाते.
"मगे बांधतंस कित्याक?"

मी पान उलटलं.

"शिपले खयचे?"
आचऱ्याचेच. शेडमागच्या ढिगातले.
"म्हंजे मियाच फोडलेले असतले,"
म्हणाली, आणि टाके दुखेपर्यंत हसली,
मग पेन मागितलं.

पाचव्या आठवड्यात एक्स-रेवर धूर.
चौथ्या महिन्यात धुरात एक रेघ,
नवशिक्याने ओढावी तशी, जाडबारीक.
अकराव्या महिन्यात डॉक्टर सामंतांनी
फिल्म खिडकीला लावली आणि चहा मागवला.
मी त्या तीन सेंटिमीटरांत
माझं काही दिसतंय का बघत राहिले.
जेल एक्स-रेत कधीच दिसत नाही,
हे मला माहीत होतं.
तरी बघितलं.

परवा एसटीच्या कंडक्टरने गोणपाट आणून दिलं.
आत धुतलेले शिंपले, साडेचार किलो.
निरोप तोंडी : "दुसऱ्या कोणाक लागतले."
बिल नसल्यामुळे
कुठल्या रकान्यात लिहायचं कळेना.
धुतले होते, पण नीट नाही.
दोन दिवसांत सगळ्या मजल्यावर
ओहोटीचा वास सुटला,
शेजारच्या खोलीतून तक्रार आली.
मी खिडकी उघडली
आणि भट्टी लावली.