पान एकशे बारा

दुर्भाटच्या धक्क्याला फेरीबोट टेकली तेव्हा
शाणू दोर आवळत होता,
आणि त्याच्या मागच्या खिशात चौसष्ट पानं होती.
पुस्तक नव्हे. चौसष्ट पानं. चार फर्मे.
मला मोजावे लागत नाहीत, जाडीवरून कळतं,
जसं बांगड्यांचा वाटा उचलताच मासळीवालीला कळतं.

पानं माझीच होती.
गेल्या शिगम्याच्या आसपास बेतोड्याला छापलेली.
कागद सत्तरचा सांगितला होता, आला साठचा.
पाठीला गरम सरस, आणि तो निवेपर्यंत
मी आणि बाइंडिंगची रजनी
प्रत्येक गठ्ठ्यावर एक चिरा ठेवत गेलो.
पाचशे प्रती, किंमत एकशे वीस.
प्रकाशनाच्या दिवशी देवळाच्या सभागृहात त्रेसष्ट गेल्या,
त्यांतल्या अकरा लेखकाच्या मेव्हण्याने घेतल्या.
चाळीस वाचनालयांनी, तीस टक्के कापून.
उरलेल्या बहुतेक माळ्यावर, वाळवीच्या पावडरीशेजारी.
एक, कशी कोण जाणे,
फोंड्याच्या बसस्टँडवर कंगवे आणि लायटरच्या मधे पडली होती,
ती शाणूने साठ रुपयांना उचलली

आणि घरी नेऊन मासे कापायच्या सुरीने
तिचे तीन केले.
हे त्यानेच सांगितलं, हसत.
"आम्ही तिघे, बाये. एकाचं वाचून होईस्तोवर
दोघांनी काय नदी बघायची?"

पहिला भाग त्याच्याकडे.
मधला खाली, इंजिनवरच्या तुळशीदासकडे.
शेवटचा मार्सेलिनकडे,
कारण मार्सेलिन फक्त रोमी वाचतो,
म्हणजे शेवट फुटायची भीती नाही.
तो तुकडा त्याने पावाच्या पिशवीत गुंडाळून
लाइफजॅकेटांच्या पेटीत ठेवलाय.
दोघांचं झालं की त्याला मोठ्याने वाचून दाखवायचं,
असं ठरलंय.
तोवर तो रोज विचारतो, "मागीर कितें जालें?"
आणि रोज त्याला थोडंसंच सांगतात.

मला राग आला होता, खोटं का बोलू.
तो सरस. ते चिरे. रजनीची भाजलेली बोटं.

तेवढ्यात तुळशीदास वर आला,
पानाच्या कडेला ग्रीसचा अंगठा.
"पुस्तक काढणाऱ्या तुम्हीच? मग हे बघा.
एकशे अकरावर सुलू आहे.
एकशे बारावर तीच बाई मालू."

मी पाहिलं. खरंच मालू. पुढे सगळीकडे मालू.
लेखकाने अर्ध्यात नाव बदललं,
मागचं बदलायचं आमच्याकडून राहिलं.
प्रुफं मी तीनदा वाचली होती.
छापल्यावर एका वाचनालयाने कळवलं, तेव्हा
शुद्धिपत्राच्या शंभर चिठ्ठ्या काढल्या,
त्या आत्ताही माझ्या पर्समध्ये होत्या.
मी चेन उघडली.

"मी दोन दिवस विचार केला," तो म्हणाला.
"मधे तिचं लग्न झालंय.
लेखकाने ते लिहिलं नाही, लिहिण्यासारखं नसेल.
एका पानावर होती, दुसऱ्या पानावर नाव गेलं.
आमची बायको माहेरची शकुंतला.
उंबरठा ओलांडला, सुलभा झाली.
बावीस वर्षं झाली.
अजून बाजारात कुणी 'शकू' अशी हाक मारली, दुसऱ्याच कुणाला,
तरी हिची मान वळते."

इंजिन धडधडत होतं.
एक स्कूटरवाला उगाच हॉर्न देत होता.
शाणू म्हणाला, "मला सांगू नको रे, मी अजून चाळीसवर आहे."

मी चेन लावली.

रासईला उतरताना तुळशीदासने विचारलं,
"बरोबर ना पण?"
मी म्हटलं, लेखकाला विचारून सांगते.
विचारलं नाही.

दुसरी आवृत्ती निघेल असं वाटत नाही,
माळा अजून भरलेला आहे.
त्या चिठ्ठ्यांची मागची बाजू कोरी आहे.
तिच्यावर मी बाजाराची यादी लिहिते:
सोलं, माडाचं गूळ, रजनीसाठी मलम.