पासंग

बावीस वर्षं मी मुंबईचे काटे तपासले.
मशीद बंदर, भुलेश्वर, चिंचपोकळीची भंगारगल्ली.
पारड्याखाली चिकटवलेलं लोहचुंबक
मला वासानं कळायचं.
वजन उलटं करून तळाचं शिसं बघायचं,
शिक्का मारायचा, नाहीतर पंचनामा.
आल्या पाटकरबाई, म्हणायचे व्यापारी,
आणि खुर्ची पुढे करायचे,
बिनहातांची.

गल्लीतल्या डॉक्टरचा काटा मला पाहून
नुसत्या रेघा दाखवायचा.
म्हणून एका दुपारी, हमाल जेवायला गेल्यावर,
सुपारीच्या वखारीत
मीच शिक्का मारलेल्या काट्यावर उभी राहिले.
चपला काढून. पर्स खाली ठेवून.
एकशे अठ्ठावीस किलो चारशे ग्रॅम.
वेलजीशेठ वहीत मान घालून बसले.
काटा खोटा आहे म्हणायची सोय नव्हती.

उद्या सकाळी साडेसातला
माझ्या पोटाची पिशवी कापून
केळ्याएवढी करणार आहेत.

दीर म्हणाले, तोंडाला कुलूप लाव, फुकटात होईल.
आई म्हणाली, आपल्या घराण्याचं हाडच रुंद.
कुलपं लावून झाली होती माझी.
मेथीचं पाणी, दुधी, एकवेळ जेवण,
गुडघा सुजेपर्यंत शिवाजी पार्कला फेऱ्या.
वीस उतरले, पंचवीस चढले, तीनदा.
तरी रात्री एकच वाक्य उशाशी येऊन बसायचं:
हे काटा मारणंच नाही का, पाटकरबाई?
ज्यासाठी आयुष्यभर दुसऱ्यांना दंड केलात?

सही करताना डॉक्टरांना विचारलं,
चूक किती माफ?
ते हसले. मग माझा हुद्दा वाचून गंभीर झाले.
हजारात एखादा, म्हणाले.
अहो, हजार वजनं ओळीनं मांडा माझ्यासमोर,
तो एखादा माझ्याच हाताला लागतो.

परळ, सातवा मजला.
खिडकीसमोर नव्या टॉवरची क्रेन.
लांब हातावर लाल दिवा,
आणि मागच्या आखूड टोकाला
काँक्रीटचे ठोकळे, काही न करता लटकलेले.
किती वेळ बघत होते कोण जाणे.
पासंग, मी मोठ्यानं म्हणाले.

खात्यात नवीन आलेल्या पोरांना
मी पहिल्या दिवशी हेच शिकवते.
रिकामा तराजूच कलत असेल
तर हलक्या पारड्याला खडा बांधतात,
दांडी सरळ होईपर्यंत.
हा गुन्हा नाही.
तोलणं त्यानंतर सुरू होतं.

म्हणजे उद्याचं ते एवढंच, एक खडा.
पुढचं मलाच तोलायचं,
रोज, चमच्याचमच्यानं.

पटलं. म्हणजे अर्धंमुर्धं.
पोटातला गोळा काही तेवढ्यानं हलला नाही.
तो कापून काढत नाहीत, विचारलं मी.

शेजारच्या खाटेवर उत्तनची मॉरीन,
तीन दिवसांपूर्वी झालेली,
औषधाच्या टोपणातून शहाळ्याचं पाणी पीत पडलेली.
रात्री दोनला तिनं माझ्याकडे तोंड वळवलं.
मला वाटलं, आता धीर देईल,
वेलंकनी मातेचं नाव घेईल.
ती म्हणाली,
आत खूप थंडी असते गो.
मोजे मागून घे.
मागितल्याशिवाय देत नाहीत.

मी मागितले.
निळे होते, एकाच्या अंगठ्याला भोक.

सकाळी वॉर्डबॉय चाकांचा काटा ढकलत आला.
थांब, म्हटलं, आधी शून्य दाखव.
त्यानं बिचाऱ्यानं वाकून, फुंकर मारून,
काच पुसून दाखवलं.
शून्य होतं.
मग चढले.
पाय कापत होते, आकडा हलत होता,
स्थिर व्हायला वेळ घेतला दोघांनी.
तो लिहायला लागला तशी म्हणाले,
मोज्यांचे वीस ग्रॅम वजा कर.